पदवी नव्हती म्हणून जागा हुकली : डॉ. सलीम अलींच्या आयुष्यातून वाळूजच्या मुलांनी काय घ्यावं?

छत्रपती संभाजीनगरात दिल्ली गेटजवळ, हिमायत बागेसमोर एक तलाव आहे. मोगलांच्या काळात त्याला खिजरी तलाव म्हणायचे. आज त्याचं नाव सलीम अली सरोवर. हे सलीम अली कोण, असं विचारलं तर बहुतेक लोक पक्ष्यांवाले एवढंच सांगतात. ते खरंच आहे. १२ नोव्हेंबर हा त्यांचा जन्मदिवस, आणि मारुती चितमपल्ली यांच्या ५ नोव्हेंबरच्या जन्मदिवसापासून या तारखेपर्यंत महाराष्ट्रात पक्षी सप्ताह साजरा होतो. शाळांमध्ये चित्रं काढली जातात, भाषणं होतात, सप्ताह संपतो.

आम्ही आज त्यांची दुसरी बाजू सांगणार आहोत. पक्ष्यांची कमी, शिक्षणाची जास्त. कारण बारावीचा निकाल लागला की वाळूज, रांजणगाव, बजाजनगरात घरोघरी एकच बोलणं सुरू होतं. आयटीआय करून कंपनीत लागायचं, डिप्लोमा करायचा, की बीएस्सी-बीकॉमला नाव घालायचं? वडील पाळ्यांमध्ये काम करणारे, आई घरी शिलाई मशीन चालवणारी. कॉलेज निवडताना हिशोब असतो तो फी किती आणि बस कुठे थांबते याचा. तीन वर्षांनी एमएस्सी करायची असेल, त्यापुढे पीएचडी करायची असेल, तर आज कोणता विषय घ्यावा हा विचार फार थोड्या घरांत होतो. घरात आधी कुणी कॉलेजला गेलेलंच नसलं की असा काही प्रश्न असतो, हेच माहीत नसतं.

सलीम अलींच्या घरी हे सगळं माहीत होतं. तरीही त्यांची पदवी राहून गेली, आणि त्याची किंमत त्यांनी अनेक वर्षं मोजली.

पिवळ्या गळ्याची चिमणी

सलीम मोइजुद्दीन अब्दुल अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत, सुलेमानी बोहरा कुटुंबात झाला. मोठ्या भावंडांच्या रांगेतलं हे शेंडेफळ. वर्षाचे असताना वडील गेले आणि तीन वर्षांचे असताना आई झीनतुन्निसाही गेल्या. या यतीम मुलांना मामा अमीरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी खेतवाडीतल्या आपल्या घरी वाढवलं. त्यांना स्वतःचं मूल नव्हतं. तय्यबजी म्हणजे मुंबईतलं मोठं घराणं. काँग्रेसचे तिसरे अध्यक्ष आणि अंजुमन-ए-इस्लामच्या संस्थापकांपैकी एक असलेले बद्रुद्दीन तय्यबजी याच घराण्यातले. स्वातंत्र्यलढ्यातले अब्बास तय्यबजी हेही सलीमचे मामा. घरात पुस्तकं होती, तालीम होती, ओळखी होत्या.

मामांना शिकारीचा शौक होता. मुलाच्या हातात छऱ्याची खेळण्यातली बंदूक आली. दहा-बारा वर्षांच्या सलीमनं एक चिमणी पाडली. जवळ जाऊन पाहिलं तर तिच्या गळ्यावर पिवळा डाग. नेहमीची चिमणी अशी नसते. मग ही खाणं हलाल आहे का, असा साधा प्रश्न पोराला पडला आणि तो मामांकडे गेला. मामांनाही पक्षी ओळखता आला नाही. पण त्यांनी प्रश्न झटकला नाही. ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सभासद होते. १८८३ साली सुरू झालेली ही संस्था. तिचे मानद सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांच्या नावानं चिठ्ठी देऊन त्यांनी भाच्याला तिकडे पाठवलं.

मिलार्ड यांनी चिमणी ओळखली. त्यांनी मुलाला पेंढा भरून ठेवलेल्या पक्ष्यांचा संग्रह दाखवला, वाचायला पुस्तकं दिली, पक्ष्याची कातडी सोलून ती कशी टिकवायची हे शिकवायची सोय केली. पुढं याच सोसायटीत त्यांची ओळख नॉर्मन किनियर यांच्याशी झाली आणि तीही नंतर कामाला आली. एका पोराचा फालतू वाटणारा प्रश्न एका मोठ्या माणसानं गंभीरपणे घेतला. सलीम अलींच्या खऱ्या शिक्षणाची सुरुवात आम्हाला इथे दिसते.

वर्गात मात्र गाडी अडली

शाळेत सलीम काही हुशार म्हणून गाजले नाहीत. सुरुवातीला बहिणींसोबत गिरगावातल्या मिशनच्या मुलींच्या शाळेत, मग सेंट झेवियर्समध्ये. तेराव्या वर्षी डोकेदुखीनं असं काही धरलं की शाळा सारखी बुडायला लागली. कोरड्या हवेनं बरं वाटेल म्हणून त्यांना सिंधमध्ये नातेवाइकांकडे पाठवलं. परत आल्यावर १९१३ साली ते मुंबई विद्यापीठाची मॅट्रिक कशीबशी पास झाले.

कॉलेजचं पहिलंच वर्ष जड गेलं आणि त्यांनी कॉलेज सोडलं. ब्रह्मदेशात तवॉय इथं घरच्यांचा टंगस्टनच्या खाणीचा आणि लाकडाचा धंदा होता, तो सांभाळायला ते तिकडे गेले. धंदा बाजूला राहिला आणि जंगलानं त्यांना धरलं. तिथल्या वनखात्यातले हॉपवुड आणि रिबेनट्रॉप यांच्याशी ओळख झाली. रोज पक्षी बघणं, टिपून ठेवणं सुरू झालं. निसर्गाचं शिक्षण चाललं होतं, पण त्याची कुठल्याही विद्यापीठात नोंद होत नव्हती.

१९१७ साली ते मुंबईला परतले आणि पुन्हा शिकायचं ठरवलं. आता आली निवडीची वेळ. घरच्या धंद्याच्या दृष्टीनं दावर्स कॉलेज ऑफ कॉमर्समध्ये व्यापारी कायदा आणि हिशोब शिकणं शहाणपणाचं होतं, म्हणून ते तिथे गेले. पण सेंट झेवियर्समधले फादर एथेलबर्ट ब्लॅटर यांचं त्यांच्याकडे लक्ष गेलं. ब्लॅटर स्वतः वनस्पतिशास्त्राचे मोठे अभ्यासक. या मुलाचा ओढा कुठे आहे हे त्यांना कळलं आणि त्यांनी त्याला प्राणीशास्त्र शिकायला भाग पाडलं. सकाळी दावर्समध्ये हिशोब, त्यानंतर झेवियर्समध्ये प्राणीशास्त्र, अशी दोन्हीकडची धावपळ करत सलीम यांनी प्राणीशास्त्राचा अभ्यासक्रम पुरा केला.

पण हा अभ्यासक्रम पुरा होणं आणि विद्यापीठाची रीतसर पदवी हातात येणं या दोन वेगळ्या गोष्टी. ज्ञान मिळालं, कागद मिळाला नाही. त्या वेळी बहुधा कुणाला त्याचं फार वाटलं नसेल. माणूस हुशार आहे, घराणं मोठं आहे, ओळखी आहेत, मग अडणार कुठे?

अडलं ते इथंच

१९१८ च्या डिसेंबरमध्ये सलीम अलींचं लग्न नात्यातल्याच तेहमिना यांच्याशी झालं. घर चालवायचं तर नोकरी हवी. कोलकात्याला मुख्यालय असलेल्या झूलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियात पक्षीतज्ज्ञाची जागा होती. देशातल्या पक्ष्यांवर काम करायचं तर याहून योग्य जागा दुसरी नाही, आणि या जागेला सलीम अलींहून योग्य माणूस शोधूनही मिळाला नसता. पण त्यांच्याकडे विद्यापीठाची पदवी नव्हती. जागा त्यांना मिळाली नाही.

१९२६ साली त्यांना मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, नव्यानं सुरू झालेल्या निसर्ग विभागात गाइड लेक्चररचं काम मिळालं. पगार महिना ३५० रुपये. त्या काळाच्या मानानं हा पगार चांगलाच. शाळेच्या पोरांना आणि पाहुण्यांना काचेतले प्राणी-पक्षी समजावून सांगायचे. दोन-एक वर्षांत त्यांना कळून चुकलं की आपण आहे तिथेच राहणार. संशोधन करायचं तर ते शिकावं लागेल, आणि शिकवणाऱ्याच्या हाताखाली शिकावं लागेल.

म्हणून तिशी ओलांडलेला, लग्न झालेला हा माणूस रजा घेऊन जर्मनीला निघाला.

बर्लिन : उशिरा मिळालेला गुरू

बर्लिन विद्यापीठाच्या प्राणी संग्रहालयात प्रोफेसर एर्विन श्ट्रेझमान होते. पक्षीशास्त्र म्हणजे फक्त कातड्या गोळा करून नावं देणं नाही, जिवंत पक्षी कसा जगतो, कसा बदलतो हे शास्त्र आहे, असं मानणारे ते होते. भारतावर इंग्रजांचं राज्य, तेव्हा लंडनला जाणं सरळ वाटलं असतं. पण तिथल्या काही जाणकारांना हिंदी माणसानं या कामात येणं फारसं रुचत नव्हतं. श्ट्रेझमान यांनी दार उघडलं.

तिथं सलीम अलींनी ब्रह्मदेशातून आलेल्या पक्ष्यांच्या नमुन्यांवर काम केलं. बर्नहार्ड रेन्श, ऑस्कर हाइनरोथ यांच्यासारखे अभ्यासक भेटले. पुढे जगातल्या सर्वांत मोठ्या जीवशास्त्रज्ञांत गणले गेलेले एर्न्स्ट मायर तेव्हा तिथेच तरुण संशोधक होते. हेलिगोलँड बेटावर पक्ष्यांच्या पायात कडी घालून त्यांचं स्थलांतर कसं शोधतात, हेही ते शिकले. आजच्या भाषेत सांगायचं तर बर्लिन ही त्यांची पदव्युत्तर शाळा होती. फक्त तिथूनही त्यांनी पदवी आणली नाही. आणलं ते काम करण्याची पद्धत आणि आयुष्यभर पुरलेला गुरू. श्ट्रेझमान यांना ते शेवटपर्यंत आपला उस्ताद मानत राहिले.

सुगरणीनं दिलेली ओळख

१९३० साली ते परतले तेव्हा म्युझियममधली त्यांची जागाच बंद झालेली होती. कारण, पैसे नाहीत. हातात जगातलं उत्तम प्रशिक्षण आणि खिशात नोकरी नाही. मुंबईचा खर्च झेपेना म्हणून नवरा-बायको अलिबागजवळच्या किहीमला राहायला गेले.

पावसाळा सुरू झाला आणि जवळच्या झाडांवर सुगरणींची वसाहत बसली. सुगरणीचे खोपे आपल्याकडच्या प्रत्येक गावानं पाहिलेत. पण ते बनतात कसे आणि कोण बनवतं, हे नीट बसून कुणी पाहिलं नव्हतं. सलीम अली रोज बसले. त्यांच्या लक्षात आलं की खोपा विणतो तो नर. अर्धा विणून झाला की माद्या येऊन तपासतात. एखादीला पसंत पडला तर ती तो ताब्यात घेते आणि नर तो पुरा करतो. ती अंडी उबवायला बसली की हे महाशय दुसरा खोपा विणायला घेतात, दुसऱ्या मादीसाठी. १९३१ साली सोसायटीच्या जर्नलमध्ये हा अभ्यास छापून आला आणि जाणकारांनी मान वर करून पाहिलं. यासाठी लागलं काय? एक वही, डोळे, सबूर, आणि काय पाहायचं हे शिकवलेलं बर्लिन.

पोटासाठी त्यांनी वेगळीच वाट काढली. संस्थानिकांना त्यांनी कळवलं की तुमच्या मुलखातल्या पक्ष्यांची पाहणी मी करून देतो, पगार नको, फक्त प्रवासाचा आणि तळाचा खर्च द्या. सुरुवातीच्या पाहण्यांत हैदराबाद संस्थानाची पाहणी येते. आपला औरंगाबाद जिल्हा तेव्हा त्याच संस्थानात होता. मग कोचीन, त्रावणकोर, ग्वाल्हेर, इंदूर, भोपाळ. ह्यू व्हिस्लर या इंग्रज अभ्यासकानं नमुने तपासायला मदत केली. तेहमिना तंबूतला संसार सांभाळत सोबत फिरल्या. १९३९ साली एका छोट्या शस्त्रक्रियेनंतर त्यांचा अचानक इंतकाल झाला. सलीम अलींनी पुन्हा लग्न केलं नाही. बहीण कम्मू आणि मेहुणे हसन अली यांच्या घरी ते राहिले आणि कामात बुडाले.

१९४१ साली त्यांचं भारतीय पक्ष्यांवरचं पुस्तक आलं. ते आजही नव्या आवृत्त्यांमधून विकलं जातं. अमेरिकन शास्त्रज्ञ डिलन रिप्ली यांच्यासोबत त्यांनी भारत-पाकिस्तानच्या पक्ष्यांचा दहा खंडांचा ग्रंथ लिहिला. तो १९६८ ते १९७४ या काळात निघाला, म्हणजे सत्तरी ओलांडल्यावरचं हे काम.

ज्याला पदवी नव्हती, त्यानं पदवीची वाट बांधली

आता आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट. स्वातंत्र्यानंतर सोसायटी पैशांअभावी अडचणीत आली, तेव्हा सलीम अलींनी पंतप्रधान नेहरूंना लिहून मदत मिळवली आणि संस्था वाचवली. पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. मुंबई विद्यापीठानं सोसायटीला पदव्युत्तर संशोधनाचं केंद्र म्हणून मान्यता दिली आणि सलीम अली मार्गदर्शक झाले. म्हणजे ज्यांच्याकडे स्वतःची बीएस्सी नव्हती, त्यांच्या हाताखाली मुलं एमएस्सी आणि पीएचडी करू लागली. त्यांच्या सुरुवातीच्या विद्यार्थ्यांत विजयकुमार आंबेडकर होते आणि त्यांचा विषय होता सुगरण. किहीमच्या झाडाखाली जे काम गुरूनं एकट्यानं, नोकरी नसताना सुरू केलं, तेच शिष्यानं विद्यापीठात नाव घालून, रीतसर प्रबंध लिहून पुढे नेलं.

सलीम अलींना आपण डॉक्टर म्हणतो, ते डॉक्टर मानद आहे. १९५८ साली अलीगढ मुस्लिम विद्यापीठानं त्यांना मानद पदवी दिली, तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती. त्याच वर्षी पद्मभूषण मिळालं. १९७३ साली दिल्ली विद्यापीठानंही मानद डॉक्टरेट दिली. १९७६ साली पद्मविभूषण मिळालं आणि १९८५ साली राज्यसभेवर नेमणूक झाली. जे. पॉल गेटी पुरस्काराचे ५०,००० डॉलर त्यांनी निसर्ग संवर्धनाच्या निधीला दिले. १९८७ साली, वयाच्या नव्वदीत ते गेले. त्यानंतर १९९० साली त्यांच्या नावानं कोइम्बतूरला पक्षीशास्त्राची राष्ट्रीय संस्था उभी राहिली.

यातून चुकीचा धडा घेऊ नका

ही कहाणी ऐकून काही जण म्हणतील की बघा, पदवी नसली तरी माणूस मोठा होतो. आमचं म्हणणं नेमकं उलटं आहे. सलीम अली पदवीशिवाय तरले, कारण मागे तय्यबजी घराणं होतं, किहीमला डोकं टेकायला जागा होती, पगार नको असं म्हणता येत होतं. वाळूजच्या कामगाराच्या मुलाला पगार नको म्हणता येत नाही. त्याला दहा वर्षं उशिरा बर्लिनला जाता येत नाही. त्याच्याजवळ ओळखीची चिठ्ठी नाही. त्याची चिठ्ठी म्हणजे त्याचा मार्कमेमो. म्हणून सलीम अलींपेक्षा आपल्या मुलांनी पदवीचा विचार जास्त काळजीपूर्वक करायला हवा.

मग करायचं काय? पहिली गोष्ट, पुढे ज्या विषयात एमए-एमएस्सी करायची, तो विषय पदवीला मुख्य म्हणून घ्या. मैत्रीण घेते म्हणून किंवा जागा रिकामी आहे म्हणून विषय घेतला, तर तीन वर्षांनी फॉर्म भरताना कळतं की आपण पात्रच नाही. ज्या दोन-तीन ठिकाणी पुढे जायचं मनात आहे, त्यांच्या प्रवेशाच्या अटी पहिल्याच वर्षी वाचून ठेवा. वन्यजीवांचीच आवड असेल तर डेहराडूनची वाइल्डलाइफ इन्स्टिट्यूट, बंगळुरूचं एनसीबीएस आणि अलीगढ विद्यापीठाचा वन्यजीव विभाग या ठिकाणी एमएस्सी आहे. आपल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात प्राणीशास्त्र विभाग आहे.

दुसरी गोष्ट, तीन वर्षं की चार. नव्या शैक्षणिक धोरणात तीन वर्षांनी पदवी घेऊन दोन वर्षांची एमएस्सी करता येते, किंवा चौथं वर्ष करून ऑनर्स घेता येतं आणि मग एक वर्षाची मास्टर्स. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार चार वर्षांच्या पदवीला ७५ टक्के असतील तर थेट पीएचडीच्या प्रवेशासाठी अर्ज करता येतो. मास्टर्सनंतर ही अट ५५ टक्क्यांची आहे. नॉन-क्रिमी लेअर ओबीसींना दोन्हीकडे पाच टक्के सवलत आहे. आपल्या समाजातल्या अनेक बिरादऱ्या ओबीसीत येतात, त्यांनी दाखले पहिल्याच वर्षी काढून ठेवावेत. परदेशी जायचं मनात असेल तर ब्रिटनमध्ये साधारणपणे तीन वर्षांची पदवी चालते, अमेरिकेतली बरीच विद्यापीठं चार वर्षांची मागतात. हे सगळं तिसऱ्या वर्षाच्या शेवटी कळून उपयोग नाही.

तिसरी गोष्ट, पहिल्या सेमिस्टरचे मार्कही शेवटपर्यंत मोजले जातात. पहिल्या वर्षी मजा, शेवटच्या वर्षी अभ्यास, हा हिशोब पदव्युत्तर प्रवेशाला चालत नाही. एटीकेटी लागली तर ती लगेच सोडवा. आणि दुसऱ्या वर्षापासून प्रवेश परीक्षांची ओळख करून घ्या. केंद्रीय विद्यापीठांसाठी सीयूईटी-पीजी, आयआयटी आणि इतर संस्थांसाठी जॅम.

चौथी गोष्ट पैशांची. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांना पीएचडीसाठी मिळणारी मौलाना आझाद नॅशनल फेलोशिप २०२२ साली बंद करण्यात आली. तिच्या भरवशावर आता योजना आखता येत नाही. त्यामुळे नेट परीक्षेतून मिळणाऱ्या जेआरएफचं मोल वाढलंय. २०२३ पासून ती महिना ३७,००० रुपये आहे. घरून पैसे न घेता, उलट घरी थोडे पाठवून पीएचडी करता येईल, अशी ही सोय आहे. घरच्यांना हे समजावून सांगा. पुढे शिकणं म्हणजे आणखी पाच वर्षं खर्च, अशीच त्यांची समजूत असते आणि त्यात त्यांची चूक नसते. मुलींच्या बाबतीत तर हे बोलणं आणखी लवकर व्हायला हवं, कारण तिसऱ्या वर्षाला स्थळं यायला लागतात. पुढच्या शिक्षणाचा आराखडा घरात आधीच ठरलेला असेल तर बोलणी करतानाच तो समोर ठेवता येतो.

शेवटची गोष्ट सलीम अलींकडून जशीच्या तशी घेण्यासारखी आहे. त्यांच्या आयुष्यातले वळणाचे सगळे क्षण एकेका माणसामुळे आले. मिलार्ड, ब्लॅटर, श्ट्रेझमान. या तिघांनीही आपणहून घरी येऊन दार वाजवलं नव्हतं. चिमणी घेऊन मुलगा गेला, दोन कॉलेजांची धावपळ त्यानं केली, रजा घेऊन परदेशी तोच गेला. कॉलेजमध्ये असा एक तरी शिक्षक शोधा, ज्याला तुमचं नाव आणि तुमचं काम माहीत आहे. पुढच्या प्रवेशासाठी शिफारसपत्र लागतं, आणि तुम्हाला फक्त हजेरीपटावर ओळखणारा शिक्षक ते नीट लिहू शकत नाही. तास संपल्यावर थांबा, प्रश्न विचारा, छोटा प्रोजेक्ट मागा.

आणि वही ठेवा. कामाला जंगल लागतंच असं नाही. वाळूजहून नगर रस्त्यानं निघालात तर कायगाव टोक्याला जायकवाडीचं पाणी लागतं. थंडीत तिथं दूरदेशीचे पक्षी उतरतात. नाथसागराचा परिसर १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. दर रविवारी एक तास, तीच जागा, तारीख, वेळ, काय दिसलं, किती दिसलं. तीन वर्षं अशी वही भरली तर एमएस्सीच्या मुलाखतीत सांगायला स्वतःचं काहीतरी असेल. रसायनशास्त्रवाल्यानं कंपन्यांच्या आसपासच्या विहिरींचं पाणी बघावं, अर्थशास्त्रवाल्यानं कामगार वस्तीतलं भाडं आणि उधारी बघावी. विषय कुठलाही असो, आपला परिसरच आपली प्रयोगशाळा आहे.

पुढच्या वेळी दिल्ली गेटवरून जाल तेव्हा त्या तलावाजवळ पाच मिनिटं थांबा. ज्याच्या नावाचा हा तलाव आहे, त्याला एकदा सांगण्यात आलं होतं की तुझ्याकडे पदवी नाही, जागा तुला नाही. त्यानं राग धरला नाही, आयुष्यभर काम केलं आणि शेवटी दुसऱ्यांच्या मुलांना पदवी मिळेल अशी सोय करून गेला. ती सोय आता आहे. या जूनमध्ये फॉर्म भरताना तिच्यापर्यंत पोचणारा विषय निवडायचा, एवढं काम आपल्याकडे राहिलंय.